कासवाचा चौथा पाय

कासवाचे तीन पाय भरून झाले आणि कंप्युटर बंद पडला.

आधी पडदा निळा झाला, मग काळा झाला, मग डब्यातून असा वास सुटला की समोरच्या घरातून मॅनेजरसाहेबांनी दार उघडून विचारलं, "काय जळतंय?" मी म्हणालो, "कासव." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं. हल्ली मी एकटा असतो, त्यामुळे माझ्या अशा उत्तरांकडे लोक समजूतदारपणे दुर्लक्ष करतात.

कासव जळत नव्हतं. ते पिवळ्या रुमालावर हिरव्या दोऱ्याने भरलं जात होतं. आमच्याकडे भरतकामाचं मशीन आहे. दिसायला शिवणयंत्रासारखंच, पण त्याला पुढे एक हात आहे आणि कंप्युटर सांगेल तसा तो हात रुमाल हलवतो. कंप्युटर एकेक टाका सांगतो, मशीन एकेक टाका घालतं. कंप्युटर मध्येच गप्प झाला की मशीनही जागच्या जागी थांबतं, आणि पुन्हा सुरू करायचं तर पहिल्या टाक्यापासून. म्हणजे तोवरचा रुमाल वाया. मशीन हिचं. ही म्हणजे माझी बायको. ही गेली त्याला वर्ष व्हायचंय.

दोन गल्ल्या सोडून एक पाळणाघर आहे. तिथल्या मुलांना वाचता येत नाही, तेव्हा वस्तूंवर नावं घालून उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक मुलाला एक चित्र. कुणाला छत्री, कुणाला बदक, कुणाला बादली. त्याच्या रुमालावर, चादरीवर, पिशवीवर तेच चित्र. ही सगळी चित्रं हिने कंप्युटरवर काढून ठेवली होती आणि दर नव्या तुकडीला ती भरून द्यायची. पाळणाघराच्या बाई सांगतात की आता मोठ्या शाळेत जाणारी मुलंसुद्धा रस्त्यात भेटली की "मी बादली होतो" अशी ओळख देतात.

दोरा ओवायला, रुमाल ताणून धरणारी रिंग लावायला मी शेवटच्या महिन्यांत शिकलो. ही पलंगावरून सांगायची आणि मी करायचो. माझ्या हातून दोरा तुटला की ती डोळे मिटून घ्यायची. झोप आली म्हणून मिटायची की माझा हात बघवत नव्हता म्हणून, ते मी विचारलं नाही.

बंद पडल्याचं कळल्यावर बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "काका, नवी मुलं पुढच्या महिन्यात यायची आहेत. तुमची ओढाताण नको. जमत नसेल तर मोकळेपणी सांगा. इस्त्रीने चिकटवायची तयार चित्रं मिळतात हल्ली." हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला जास्तच लागलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, एकीकडून बरंच झालं. मशीन देऊन टाका आता कुणाला तरी. ती खोली तरी मोकळी होईल."

ती खोली मोकळी होईल याचीच तर मला भीती होती. सकाळी त्या खोलीत खटखट सुरू झाली की घरात कुणीतरी कामात आहे असं वाटतं. ते कुणीतरी मीच असतो, पण स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेलं की तेवढ्यापुरतं ते लक्षात राहत नाही.

कोपऱ्यावरच्या कंप्युटरवाल्याला बोलावलं. त्याला आमच्या इमारतीत 'होऊनजाईल' म्हणतात, कारण काहीही सांगितलं तरी तो "होऊन जाईल" म्हणतो. कधी होईल ते सांगत नाही. त्याने डबा उघडला, आत फुंकर मारली, स्वतःच्याच डोळ्यांत धूळ उडवून घेतली आणि डोळे चोळत म्हणाला, "मदरबोर्ड गेला." गेला हा शब्द आमच्या घरात त्या वर्षी पुरेसा वापरून झाला होता. मी विचारलं, दुरुस्त होईल का. त्यावर आयुष्यात पहिल्यांदाच त्याने नाही म्हटलं. नवा घ्यावा लागेल, आणि कोणता घ्यायचा ते काका तुम्ही ठरवा, बाकी होऊन जाईल.

मदरबोर्ड म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. तो म्हणजे डब्यातली चाळ. बाकीचे सगळे भाग तिच्यात भाडेकरू म्हणून राहतात, पाणी, वीज, निरोप सगळं तिच्यातूनच जातं, आणि ती कोसळली की सगळेच रस्त्यावर.

आता, कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा, हे माझ्यासारख्या माणसाला सांगणं म्हणजे माशाला पोहायचं आमंत्रण देणं. मी नोकरीभर पाणीपुरवठ्याच्या खरेदी विभागात होतो. पंप, झडपा, टाक्या, टाचण्या, खात्यात आलेली एकही वस्तू माझ्या टिपणीशिवाय आली नाही. पद्धत ठरलेली असते. आधी वर्णन लिहायचं, मग तीन ठिकाणांहून दर मागवायचे, मग समिती बसवायची, मग वर्णनात बसणारा सगळ्यात कमी दराचा माल घ्यायचा. या पद्धतीत घाई नाही, आवडनिवड नाही आणि चूक झाली तर ती कुणा एकाची नसते. घरातली खरेदी मात्र ही करायची. ती दुकानात जायची, वस्तू हातात घेऊन बघायची आणि घेऊन यायची. मला ते फार धोक्याचं वाटायचं.

मी कागद घेतला आणि वर लिहिलं, 'मदरबोर्ड: स्थिर आणि परवडणारा.' खाली समितीसाठी जागा सोडली.

समितीत मॅनेजरसाहेब होते, कारण ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि बोलावलं नाही तरी येतात. माझी मेहुणी होती. ती दोन बसथांबे पलीकडे राहते आणि ही गेल्यापासून दर बुधवारी माझ्या घरातले डबे उघडून वास घेते. आणि फोनवर जावई होते. जावई कंप्युटरमध्येच आहेत. नेमकं काय करतात ते मला ठाऊक नाही, आणि इतक्या वर्षांनी विचारायची आता सोय राहिलेली नाही.

बैठक जेवणाच्या टेबलावर झाली. स्थिर म्हणजे काय यावरच पहिला चहा संपला. साहेबांच्या मते कंपनी जुनी असली की माल स्थिर असतो. मेहुणी म्हणाली, कंपनी राहू दे, गरम व्हायला नको, मागचा गरम होऊनच गेला. जावई म्हणाले की बाबा, आज घेताय तर पुढचा विचार करून घ्या, दोन पडदे लावता आले पाहिजेत, उद्या गेम खेळावेसे वाटले तर अडायला नको. मी म्हणालो की मला सध्या फक्त कासव पूर्ण करायचंय. ते म्हणाले, "आज कासव आहे बाबा, उद्याचं कुणी सांगावं?" हे साहेबांना फार पटलं. त्यांनी त्यात सहा बाजूंनी आवाज येण्याची सोय घालायला लावली, कारण त्यांना आमच्याकडे बसून जुनी गाणी ऐकायची होती. त्यांच्या घरी गाणी लावली की त्यांच्या सौभाग्यवती पंखा मोठा करतात.

असं करता करता पानभर वर्णन तयार झालं. कासवाला आवाज नसतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग मी दर मागवायला निघालो. पहिल्या दुकानात सीलबंद पाकिटात दर द्यायला सांगितलं, तर दुकानदाराने आतल्या माणसाला हाक मारून बिलं नीट ठेवायला सांगितली. मी कर खात्यातला आहे असं त्याला वाटलं. पाणी आलं, खुर्ची आली, दर मात्र आला नाही. दुसरं दुकान एका दवाखान्याच्या वर होतं. जिना चढताना मी चुकून रुग्णांच्या रांगेत उभा राहिलो आणि रक्तदाब तपासून घेऊन वर पोचलो. रक्तदाब ठीक होता. वर गेल्यावर दर ऐकला आणि पुन्हा खाली जाऊन तपासून घ्यावा असं वाटलं. तिसरा दर होऊनजाईलचा. त्याला पाकीट नव्हतं म्हणून त्याने तो माझ्या कानात सांगितला. गुप्ततेच्या दृष्टीने मी ते चालवून घेतलं. तोच सगळ्यात कमी निघाला.

बोर्ड आला. जुना प्रोसेसर त्यात बसेना. मग नवा प्रोसेसर. त्याला जुनी रॅम चालेना. मग नवी रॅम. एवढ्या सगळ्यांना पुरेल इतकी वीज जुन्या खोक्यातून येईना. मग वीज पुरवणारं खोकं नवं, आणि ते जुन्या डब्यात मावेना म्हणून डबाही नवा. घोड्याला नाल हवी होती, ती मिळाली, पण आता नालेला साजेसा घोडा घ्यावा लागत होता. दर वेळी होऊनजाईल म्हणायचा, "एवढंच आता, काका." नव्या डब्याला एका बाजूने काच होती आणि आत रंग बदलणारे दिवे. साहेब बघायला आले, वाकून बघितलं आणि विचारलं, "मासे कधी सोडणार?"

जुन्या कंप्युटरमधली हिची चित्रं असलेली चकती, म्हणजे हार्ड डिस्क, तेवढी नव्या डब्यात बसली. पडदा उजळला. छत्री, बदक, बादली, सगळी ओळीने समोर आली. मला एवढं बरं वाटलं की मी होऊनजाईलला दुसरा चहा दिला. मग मशीनची वायर हातात घेऊन डब्याच्या मागे गेलो.

त्या वायरीचं तोंड रुंद असतं. दोन ओळींत पंचवीस पिना आणि दोन्ही बाजूंना पीळ द्यायचे स्क्रू. नव्या डब्याच्या पाठीवर गोल भोकं होती, चपटी होती, आवाजाची सहा रंगांची सहा होती. रुंद भोक नव्हतं. मी चष्मा पुसून बघितलं. मग हाताने चाचपून बघितलं. होऊनजाईल म्हणाला, "हे? हे आता कुठे येतं काका. हे जुनं झालं." मी माझं पानभर वर्णन काढलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. दोन पडदे होते, सहा आवाज होते, कंपनीचं वय होतं. मशीनची वायर जोडता आली पाहिजे, हे कुठेच नव्हतं.

जे सगळ्यात आवश्यक, ते इतकं गृहीत असतं की कागदावर येत नाही. आमच्या खात्यात एकदा टाक्या घेतल्या होत्या. जाडी, रंग, झाकण सगळं लिहिलं होतं, तोटीसाठी भोक लिहायचं राहिलं. पुरवठादाराने बिनभोकाच्या टाक्या आणून दिल्या आणि वर म्हणाला, वर्णनाबरहुकूम आहेत. त्या टाक्या वर्षानुवर्षं आवारात उभ्या होत्या. मला रोज कामावर जाताना दिसायच्या.

जावयांना फोन केला. ते म्हणाले, त्यात काय बाबा, बदलणारी वायर मिळते, एका टोकाला नवं तोंड, दुसऱ्या टोकाला जुनं. ती मागवली. जोडल्यावर कंप्युटरला वाटलं की प्रिंटर आला. त्याने मशीनला कागद संपला का म्हणून विचारलं. मशीनने आपला हात एका कोपऱ्यात नेला आणि तिथे ते रुसून बसलं. जावई म्हणाले, असं व्हायला नको होतं. या वाक्याशी मी पूर्ण सहमत होतो, पण त्याने टाका पडत नव्हता.

बोर्ड परत करायला गेलो तर होऊनजाईल म्हणाला, खोका उघडलाय, आता दुकान घेणार नाही, कंपनीच्या सेवा केंद्रात जा, तिथे होऊन जाईल. बोर्ड त्याने सुटा करून दिला आणि मी तो कापडी पिशवीत घालून निघालो. सेवा केंद्रात थंड हवा होती आणि हातात नंबराची चिठ्ठी घेऊन बसायचं होतं. मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, बाहेरून खिडकी एवढी उंच दिसते हे मला माहीत नव्हतं. माझा नंबर आला. खिडकीतल्या मुलीने विचारलं, दोष काय आहे.

"दोष नाही," मी म्हणालो.

"मग परत का करताय?"

"मी लिहिलेल्या वर्णनात दोष आहे."

तिने पडद्यावर वरखाली शोधलं आणि म्हणाली, "त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही, सर."

तिला माझी दया आली असावी. ती पुढे झुकून हळूच म्हणाली की 'चालू होत नाही' असं लिहा, मी पुढे पाठवते. मी तिचे आभार मानले आणि लिहिलं नाही. तो बोर्ड चालू होत होता. बिनभोकाच्या टाकीला गळकी म्हणणं माझ्याच्याने झालं नसतं. पिशवी उचलून बाहेर आलो, आणि बसमध्ये कंडक्टरने पिशवीत काय आहे म्हणून विचारलं तेव्हा मी "चाळ" म्हणालो. त्याने तिकीट दिलं आणि पुढे गेला.

त्या दिवशी बुधवार होता. मेहुणी घरी येऊन बसली होती. माझा चेहरा बघून तिने डबे उघडले नाहीत. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर नवा बोर्ड ठेवला, शेजारी जुना ठेवला, आणि तिला सांगितलं की बाईंना उद्या कळवून टाकतो. तयार चित्रं घ्या म्हणावं. मशीनचंही बघू काहीतरी.

तिने वर्तमानपत्राची घडी सारखी केली. मग म्हणाली, "भाऊजी, ताईने ते मशीन घेतलं तेव्हा तुम्ही वर्षभर तिच्याशी हिशेबाने बोलत होतात. आता ते द्यायचं म्हणता तर तुमचा आवाज का बसलाय?"

मी म्हणालो, बसमध्ये वारा लागला. ती म्हणाली, बरं. मग पर्समधून भिंग काढून ती दोन्ही बोर्ड बघायला लागली. तिला कंप्युटरमधलं काही कळत नाही. तिला जुळवणं कळतं. तिने आयुष्यभर साडीला ब्लाऊजचं कापड जुळवलंय, आणि त्यात दुकानदाराचं ऐकायचं नसतं, माल शेजारी ठेवून बघायचं असतं, असं तिचं म्हणणं. जुन्या बोर्डावर त्या रुंद भोकाच्या मुळाशी तीन बारीक पांढरी अक्षरं होती. ती तिने बघून ठेवली आणि भिंग घेऊन नव्या बोर्डावर इंच इंच फिरत राहिली. मी चहा ठेवायला गेलो. आतून ऐकलं, "भाऊजी, ही अक्षरं इथे पण आहेत."

नव्या बोर्डाच्या कडेला, पार कोपऱ्यात, दोन ओळींत उभ्या पिना होत्या आणि त्यांच्याखाली तीच तीन अक्षरं. आम्ही पिना मोजल्या. तिच्या एक कमी आल्या, माझ्या एक जास्त. मग एकमेकांवर विश्वास न ठेवता पुन्हा मोजल्या, तेव्हा पंचवीस भरल्या. पाठीवर भोक नव्हतं, पण आतून वाट होती. फक्त आतल्या पिनांपासून बाहेरच्या भोकापर्यंत कुणी रस्ता बांधला नव्हता.

बोर्ड घेऊन तसेच दोघं होऊनजाईलकडे गेलो. त्याने पिना बघितल्या आणि म्हणाला, "हां, हे तर असतंच. याला चपटी वायर लागते, टोकाला पोर्ट असलेली. तुम्ही मागितलीत कुठे?"

मी काही बोललो नाही. मेहुणी बोलली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण दुकानातलं एक गिऱ्हाईक नंतर येतो म्हणून निघून गेलं. होऊनजाईल शिडीवर चढला, उतरला, टेबलाखाली गेला, आणि शेवटी जुन्या कीबोर्डांचा एक गठ्ठा बाहेर ओढला. तो जिने बांधला होता तीच ती चपटी वायर. त्याने गाठ सोडली. कीबोर्ड जमिनीवर पसरले, बटणं घरंगळत रस्त्यापर्यंत गेली. पण वायर मिळाली. तिच्यासाठी मी तीन दर मागवले नाहीत.

होऊनजाईलने बोर्ड परत डब्यात बसवून वायर जोडून दिली, आणि कासव पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरू केलं. पाठ झाली, डोकं झालं, तीन पाय झाले. साहेब आणि मेहुणी दोघंही श्वास रोखून उभे होते, आणि चौथा पाय सुरू होता होता पडदा काळा झाला. मशीन थांबलं. साहेब सांत्वनाला येतात तसे माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी हताश होऊन माऊसवर हात टेकला आणि पडदा उजळला. कंप्युटर गेला नव्हता. झोपला होता.

जावयांनी फोनवर समजावलं की कुणी हात लावला नाही तर नवा कंप्युटर थोड्या वेळाने आपोआप झोपी जातो, विजेची बचत म्हणून. जुनाही जायचाच, पण जास्त वेळाने, आणि मी तोवर चहा घेऊन येऊन किती टाके झाले ते बघायला माऊस हलवायचो, म्हणून मला कधी कळलं नव्हतं. मेहुणी म्हणाली, "म्हणून ताई एक हात उंदरावर ठेवून बसायची होय." मलाही तो हात आठवला. दुसऱ्या हाताने ती मासिक वाचायची, आणि मी दारातून जाताना बघायचो की ही दर थोड्या वेळाने कारण नसताना माऊस हलवते. मला वाटायचं चाळा असेल.

ते झोपणं बंद करता येतं, जावयांनी कुठे जाऊन काय दाबायचं तेही सांगितलं. मी ते लिहून घेतलं आणि दाबलं नाही. नवा रुमाल लावला, पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात केली आणि माऊसवर हात ठेवून बसलो. कासवाचा चौथा पाय पूर्ण झाला.

त्यानंतर रोज सकाळी खटखट सुरू झाली. छत्री झाली, बदक झालं, बादली दोनदा झाली, कारण पहिल्यांदा साहेबांनी गाणी लावली आणि मी माऊस हलवायचा विसरलो. नव्या तुकडीचे सगळे रुमाल घड्या घालून मी स्वतः पाळणाघरात नेऊन दिले. बाईंनी एकेक उघडून बघितला, कासवाचे पाय मोजले नाहीत, पण त्यांना आवडलेलं दिसलं. मुलांना वाटप झालं. मी निघणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, काका, एक मुलगी आजच आली आहे, तिचं नाव तुमच्या यादीत नव्हतं. तिला कोणतंही एक उरलेलं चित्र द्या.

मुलगी चटईवर पाठ टेकून पडली होती. ही प्रत्येक मुलाला त्याचं चित्र विचारायची, म्हणून मीही वाकून विचारलं, तुला काय हवं. तिने वर बोट केलं. वर छताचा पंखा होता.

हिच्या चित्रांत पंखा नाही. मी घरी येऊन सगळी चित्रं दोनदा बघितली. हिच्या काळात पंखा कुणी मागितलाच नव्हता. म्हणजे तो मला काढावा लागणार होता, आणि मी आयुष्यात झडपांच्या आराखड्याखेरीज काही काढलेलं नाही. दोन दिवस कंप्युटरवर रेघा ओढल्या. मधोमध वाटी, तिला तीन पाती. निळ्या दोऱ्याने भरला. जरा झडपेसारखा दिसत होता, पण पंखा होता.

मुलीने रुमाल घेतला, नीट बघितला, वर छताकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "हा बंद आहे."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. तिचं बरोबर होतं. तिला जो हवा होता तो चालू होता, आणि हेही मी आधी विचारलं नव्हतं. मी रुमाल परत घेतला. चालू पंखा कसा काढायचा हे कळायला मला आठवडा लागला. पाती दिसता कामा नयेत, नुसती गोल गोल फिरणारी निळी रेघ हवी, मध्ये दाट, कडेला विरळ. पाच रुमाल खराब केले. लेकीला फोनवर सांगितलं की सध्या पंख्यात अडकलोय, तर ती आधी घाबरली आणि मग बराच वेळ हसली. असं हसताना मी तिला खूप दिवसांत ऐकलं नव्हतं. मशीन देऊन टाकण्याचा विषय तिने काढला नाही. उलट तो खराब झालेल्यांतला एक मला पाठवा म्हणाली.

सहावा रुमाल जमला. घेऊन गेलो. मुलीने तो चटईवर पसरला, त्यावर तळहात ठेवला, आणि किती तरी वेळ तशीच बसली. मी गुडघे दुखत असतानाही वाकून उभा होतो. नोकरीत मी इतक्या वस्तू घेतल्या, पण ज्याच्यासाठी घेतली तो माणूस ती हातात धरून बघतोय असं कधी समोर उभं राहून बघितलं नव्हतं.

शेवटी तिने मान वर केली.

"थोडा हळू कर," ती म्हणाली.

मी रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि तिला सांगितलं, उद्या आणतो.